परक्याचा पैसा आणि कुंभारीचे घर

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ च्या जून महिन्यात गोव्याकडे विमानसेवा सुरू झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२३ च्या जूनमध्ये, याच विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरलेली श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली होती. चिमणी पडावी की राहावी या वादात आता शिरण्याचे कारण नाही. त्यावर शहरात पुष्कळ बोलून झाले आहे. परंतु कारखान्याची चिमणी गेली आणि गोव्याचे विमान आले, या दोन घटनांमधून जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेतील एक स्थित्यंतर सूचित होते. ज्या शिवाराचे मोल आजवर तेथे काय पिकते यावर ठरत असे, त्याचे मोल यापुढे तेथे कोण येऊ इच्छितो यावर ठरू लागेल. शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावर वसलेल्या कुंभारीला या बदलाची झळ म्हणा वा ऊब म्हणा, इतरांच्या आधी पोहोचणार आहे.

कुंभारी हे आता केवळ ज्वारीच्या रानातले खेडे राहिलेले नाही. येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामगारांचे एक आख्खे नगर आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या विडी कामगारांच्या वसाहतीतील दहा हजार घरे २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन झाली. त्यानंतर तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाभधारकांना अर्पण केली. हे सारे घडवून आणण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारे नेते कॉ. नरसय्या आडम हे मार्क्सवादी. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तीन पक्षांचा हातभार एकाच वसाहतीला लागावा, हे आपल्या राजकारणात क्वचितच घडते. विड्या वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक ही येथील लाभधारक मंडळी.

पायाभरणीच्या वेळी जाहीर झालेले आकडे असे : प्रकल्पाचा एकूण खर्च १,८११ कोटी रुपये, पैकी केंद्र आणि राज्य सरकारांचे साहाय्य ७५० कोटी. तीस हजारांनी भागले तर एका घरामागे सुमारे सहा लाख रुपये खर्च येतो, त्यातील अडीच लाख सरकारचे. उरलेल्या साडेतीन लाखांचा भार ज्या कुटुंबावर पडतो, त्या कुटुंबाची मिळकत हजार विड्यांच्या मजुरीत किंवा मागावरच्या पाळीत मोजली जाते. या घराला उद्या बाजारात सहा लाखांऐवजी बारा लाख येऊ लागले, तर ती गोष्ट या कुटुंबाच्या उत्कर्षाची मानावी काय?

‘भाव वाढला’ हे शब्द सोलापुरात सहसा समाधानानेच उच्चारले जातात. ते समाधान अगदीच निराधार नाही. ज्याच्याजवळ दोन एकर जिराईत आहे आणि ज्याची मुले पुण्याला नोकरी करतात, त्याच्या दृष्टीने प्लॉटिंगवाल्याने दिलेली रक्कम म्हणजे जन्मभराच्या कोरडवाहू शेतीने कधीही न दिलेली रक्कम होय. परंतु जमिनीचा भाव आणि कापडाचा भाव यांत एक मूलभूत भेद आहे. कापड महागले तर मागांची संख्या वाढते, कापड अधिक निघते आणि भाव खाली येऊ लागतो. जमीन महागली म्हणून अधिक जमीन निर्माण होत नाही. रिकार्डोने शेतीच्या खंडाविषयी जे दाखवून दिले ते येथेही लागू पडते : जमिनीची किंमत ही तिच्या मालकाच्या कर्तृत्वातून येत नाही, तिच्यासाठी पैसे मोजू शकणाऱ्याच्या ऐपतीतून येते. मग ऐपत कोणाची, हा प्रश्न ओघानेच येतो. घेणारा त्याच गावात कमावणारा असेल तर गावातील मजुरी आणि गावातील घराची किंमत यांना एकमेकींचा लगाम राहतो. घेणाऱ्याची मिळकत दुसरीकडे असेल तर तो लगाम तुटतो.

हा लगाम तुटल्यावर काय होते, हे पाहावयाचे असेल तर त्या विमानाने गोव्याला जावे.

गोव्यात ऐंशीच्या दशकात युरोपातून थेट प्रवाशांची खास विमाने उतरू लागली. आरंभी हंगामापुरते येणारे पाहुणे पुढे घरे घेऊ लागले. बार्देशातील हणजूण, पेडण्यातील मोरजी आणि हरमल या किनाऱ्यांवर ब्रिटिश, रशियन आणि अन्य परदेशी नागरिकांनी घरे नि भूखंड घेतल्याची चर्चा या शतकाच्या पहिल्या दशकात घरोघरी होती. वास्तविक कायदा स्पष्ट होता. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये भारतात वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीवाचून येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही; फार तर पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करता येतो. आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ राहून, अनिश्चित काळ येथेच राहण्याचा हेतू असलेल्याला मुभा आहे. पर्यटक म्हणून आलेल्याला नाही. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस तर परदेशस्थ भारतीयांनाही विकत घेता येत नाही. तरीही व्यवहार झाले. कोणी कंपनी काढून तिच्या नावावर घर घेतले, कोणी सोयीचा व्हिसा पुढे केला. पुढे सक्तवसुली संचालनालयाने नोटिसा काढल्या, चौकश्या झाल्या, आणि काही परदेशी वृद्ध जोडप्यांना आपण पैसे मोजून घेतलेले घर आपलेच आहे की नाही याची भ्रांत पडली. त्यांतील अनेकांना विकणाऱ्या एतद्देशीय मध्यस्थांनीच फसविले होते, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

विचार करण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. परदेशी खरेदीदारावर असे निर्बंध आल्यानंतर गोव्यातील घरे स्वस्त व्हावयास हवी होती. ती झाली नाहीत. परदेशी माणसाची जागा दिल्ली, मुंबई, बंगळूर येथील धनिकांनी घेतली. त्यांना परकीय चलनाचा कायदा लागू नाही. ते याच देशाचे नागरिक आहेत आणि भारतीय संघराज्यात कोठेही घर घेण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण म्हापशाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाला किंवा पेडण्यातील शाळामास्तराला लंडनचा निवृत्त अधिकारी आणि गुरगावचा कंपनी-संचालक यांत काय फरक? दोघांचीही मिळकत गोव्याबाहेरची, दोघांचीही बोली त्याच्या पगाराच्या आवाक्याबाहेरची. किंमत पारपत्र पाहत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने परका तो, ज्याच्या उत्पन्नाचा त्या भूमीतील उत्पादनाशी संबंध नाही.

घर असून माणूस नसणे हे या परकेपणाचे दृश्य रूप. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचांतील एक घर रिकामे आढळले. एकीकडे कुलूपबंद बंगले आणि दुसरीकडे भाड्याच्या खोलीसाठी वणवण, हे दृश्य मुंबईकरांनाही अपरिचित नाही. पण मुंबईत निदान उद्योग आहे. गोव्यात खाणी हा सरकारी उत्पन्नाचा नि रोजगाराचा मोठा आधार होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. उत्पन्नाचा असा एक पाय लुळा पडला की राज्य असो वा कुटुंब, हाताशी उरलेली वस्तू विकावयास काढते. ती वस्तू जमीन होती. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून प्रादेशिक आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याची सोय करण्यात आली आणि त्या सोयीचा लाभ घेऊन हिरवे पट्टे वसाहतींचे होऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. तत्पूर्वी २००६-०७ च्या सुमारास असाच एक प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर येऊन शासनाला मागे घ्यावयास लावला होता. गोवेकर झोपले होते, असे म्हणता येणार नाही. तरीही भाव चढतच राहिले.

त्यात एक विपरीत प्रकरण असे घडले की, परदेशी स्थायिक झालेल्या वारसांची ओस पडलेली घरे खोट्या दस्तऐवजांच्या आधारे परस्पर विकली जाऊ लागली. २०२२ मध्ये त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. जमिनीचा भाव एका मर्यादेपलीकडे गेला की कागद तयार करण्याचा धंदा शेतीपेक्षा किफायतीचा ठरतो.

गोव्याचे उदाहरण जवळचे म्हणून महत्त्वाचे. परंतु साखरेच्या जिल्ह्याला अधिक बोध होईल असे उदाहरण हिंदी महासागरात आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत; गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. या बेटाची साखर १९७५ च्या करारान्वये युरोपात हमीच्या चढ्या दराने जात असे. २००६ पासून युरोपीय संघाने तो दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. मॉरिशसच्या राज्यकर्त्यांनी ही चाहूल वेळीच ओळखली होती. १९७५ च्याच एका कायद्याने परकीयांच्या मालमत्ता-खरेदीवर घातलेले निर्बंध त्यांनी पूर्णतः काढले नाहीत, मात्र २००२ पासून एक दार किलकिले केले : ठरावीक प्रकल्पांत किमान पाच लाख डॉलरचा बंगला घेणाऱ्या परकीयाला वास्तव्याचा परवाना मिळू लागला. २०२० मध्ये ही मर्यादा पावणेचार लाखांवर आणण्यात आली.

या धोरणाला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात शहाणपण होते. दाराला उंबरठा होता. स्वस्त घरांच्या बाजारात परकीयाला प्रवेश नव्हता आणि किनाऱ्यालगतचा पट्टा राज्याच्या मालकीचा असून तो विकता येत नाही, केवळ पट्ट्याने देता येतो. परकीय चलन आले, बांधकाम वाढले. पण अलीकडील वर्षांत त्या देशात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीतील सर्वांत मोठा वाटा स्थावर मालमत्तेचा राहिला आहे, ही बाब तेथील जाणत्यांनाही अस्वस्थ करते. उसाचा मळा बंगल्यांत रूपांतरित होतो तेव्हा लाभ प्रथम मळ्याच्या मालकाला होतो, आणि मॉरिशसमध्ये मोठे मळे मोजक्याच घराण्यांच्या हाती आहेत. मळ्यावर राबलेल्यांच्या नातवंडांच्या वाट्याला माळीकाम, पहारा आणि गावातल्या प्लॉटचे चढलेले दर येतात. हॉलंडमध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर तेथील कारखानदारी मंदावली, त्यावरून १९७७ पासून ‘डच विकार’ ही संज्ञा अर्थशास्त्रात रूढ झाली. एका क्षेत्रात बाहेरचा पैसा लोटला की भांडवल, मजूर आणि बुद्धी तिकडेच धावतात आणि उत्पादक व्यवसाय सुकू लागतात. बंगल्यांच्या बाबतीत हा विकार अधिक बळावतो, कारण वायू निदान रोज निघतो आणि रोज विकला जातो. जमीन एकदाच विकता येते.

सोलापूरला हे नवे नाही. १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून आलेल्या नामांकित गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा गिरणीच्या यंत्रांपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली होती. गिरणगावच्या जमिनीचे मुंबईत जे झाले तेच लहान प्रमाणावर येथेही झाले. कामगाराला त्या जमिनीच्या भावातून काय मिळाले, हे त्याच्याच मुलांना विचारावे. त्यांतील कित्येकजण पुण्याच्या चाकण-हिंजवडीत भाड्याने राहतात.

आता कुंभारीकडे परत वळावयास हरकत नाही. कुंभारीत कोणी रशियन येणार नाही, लंडनचा निवृत्त अधिकारीही येणार नाही. येईल तो पुण्यात नोकरी करणारा, अमेरिकेत स्थायिक झालेला किंवा सोलापुरातलाच चार घरे असलेला व्यापारी. तो वाईट माणूस असेल असे मुळीच नाही. विमानतळ, वैद्यकीय महाविद्यालय, रुंद रस्ता यांचा हिशेब करून तो एक गुंतवणूक करील, एवढेच. शेतजमिनीच्या बाबतीत त्याला १९४८ च्या कुळकायद्यातील ६३ वे कलम आडवे येते, कारण शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. पण बिनशेती झालेल्या प्लॉटला आणि बांधून झालेल्या घराला हे कलम लागू नाही.

शासकीय साहाय्याच्या घरांना काही वर्षे विक्रीस मनाई असते, असे यावर सांगितले जाईल. अशी मनाई सामान्यतः असते आणि ती कशी पार केली जाते हेही महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, एक नोटरीचा शिक्का आणि मुदत संपल्यावर रीतसर खरेदीखत. मधल्या काळात मूळ लाभधारक बाई पुन्हा शहरातल्या त्याच झोपडीत भाड्याने. या व्यवहारात ती एकटीच अशी असते की जिला मुदतीपूर्वीचा पडेल भाव मिळतो. सरकारचे अडीच लाख आणि पुढची सारी वाढ दुसऱ्याच्या पदरात पडते. म्हणजे मनाईने विक्री थांबत नाही, फक्त विकणारीचा भाव पडतो. अशा मनाईचे समर्थन करणे कठीण आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. बंगलेवाल्याला आपला बंगला वाटेल त्या भावाने विकण्याची मुभा, आणि विडी कामगार स्त्रीने मात्र आपले घर विकू नये, हा कोठला न्याय? वाढत्या भावाचा लाभ गरिबानेच का नाकारावा? तिच्या घरात कोणाला कर्करोग झाला, मुलीचे शिक्षण अडले, तर घर हीच तिची एकमेव ठेव आहे. घरे बांधून देणाऱ्यांनी आणि त्यांची स्तुती करणाऱ्यांनी या आक्षेपाला आजवर नीट तोंड दिलेले नाही. ‘गरिबाला पैसा दिला तर तो उडवतो’ या शहरी समजुतीच्या आश्रयाने ते मोकळे होतात.

या आक्षेपाचे उत्तर विक्रीच्या मनाईत सापडणार नाही. खरेदी कोणी करावी याच्या निश्चितीत ते शोधावे लागेल. सभासदाला घर सोडावयाचे असेल तर ते घेण्याची जबाबदारी प्रथम संस्थेची असावी, आणि बांधकामाचा खर्च, सभासदाने फेडलेले हप्ते नि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ एवढी रक्कम तिच्या हाती ताबडतोब पडावी. ती रक्कम विमानतळाने चढवलेल्या भावाइतकी नसेल. पण कुलमुखत्यारपत्रावर हाती पडणाऱ्या रकमेहून निश्चितच अधिक असेल. घर मग संस्थेच्या यादीवरील दुसऱ्या कामगाराला त्याच हिशेबाने जाईल. जेथे जमीन अद्याप संस्थेच्या नावावर असेल तेथे ती तशीच राहू द्यावी. घर सभासदाचे, जमीन संस्थेची, ही विभागणी नगररचनेच्या जगात नवी नाही. अर्थात अशा खरेदीसाठी संस्थेजवळ निधी लागतो, आणि तो निधी कोठून यावा या प्रश्नापाशी सहकारी चळवळीचे पुष्कळ चांगले मनसुबे आजवर अडले आहेत. कुंभारीत त्याचा एक मार्ग दिसतो. वसाहतींमुळेच ज्यांच्या सभोवतालच्या जमिनी बिनशेती होऊन महागल्या, त्यांच्याकडून विकास आकाराच्या रूपाने जी रक्कम शासन घेते तिचा काही अंश या निधीकडे वळविता येईल. वसाहतीने निर्माण केलेल्या मूल्याचा वाटा वसाहतीला देणे, ही खैरात ठरत नाही. रिकामी ठेवलेली दुसरी-तिसरी घरे अधिक दराने कराखाली आणणे हाही मार्ग आहे. त्यामुळे बंधन केवळ गरिबावरच आहे, ही तक्रारही उरणार नाही.

भाड्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना खोल्या हव्या असतात, आणि घरातली एक खोली भाड्याने देऊन चार पैसे मिळविणाऱ्या बाईला कोणी अडवू नये. मात्र ती स्वतः तेथे राहते काय, एवढे वर्षातून एकदा संस्थेने पाहावे. हे पाहणे सरकारी कर्मचाऱ्याकडे सोपविले तर काय होते, याचा अनुभव झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत मुंबईने पुरेपूर घेतला आहे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी दिल्लीच्या नव्या कायद्याची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० साली झालेला आहे. उपविधीत दुरुस्ती सर्वसाधारण सभेने करावयाची आणि निबंधकाने ती नोंदवावयाची. अडचण एकच, की अशा सभांचे विषयपत्रक मराठीत निघते आणि ज्यांच्या घराविषयी निर्णय व्हावयाचा त्यांतील पुष्कळ स्त्रियांची घरातली भाषा तेलुगू, कानडी किंवा उर्दू असते. सभेची सूचना या चारही भाषांत निघावी, ती वसाहतीच्या फलकावर लागावी, आणि विडी कारखान्याच्या ज्या शाखेत त्या रोज तयार विड्या मोजून द्यावयास जातात, तेथे ती मोठ्याने वाचून दाखवावी.